गुड, बेटर, बरं

इंग्रजीत विशेषणाला तीन पायऱ्या असतात. मराठी माणसाला मात्र एकच पायरी पुरते, आणि ती म्हणजे 'बरं'. जेवण कसं झालं? बरं. मुलगा अभ्यासात कसा आहे? बरा. तब्येत? बरी. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आमच्या आशाच्या भाजीला मी कधी 'बरी झालीय'च्या पुढे गेलो नाही, आणि तिनेही माझ्या शिकवण्याला त्याच्या पुढे जाऊ दिलं नाही. "यादव सर शिकवतात कसे हो?" असं कुणी विचारलं की ती म्हणते, "बरे शिकवतात." म्हणताना तिचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं. हे मी मनाला फार लावून घेतलेलं आहे.

मी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. अठ्ठ्याण्णव साली दिवाळीच्या सुट्टीत आम्हां शिक्षकांना प्रशिक्षणाला बोलावलं. अशा प्रशिक्षणात चहा गार असतो आणि व्याख्यान गरम, पण या वेळी आलेल्या बाई काही वेगळ्याच निघाल्या. त्या म्हणाल्या, "पुस्तक मिटा. विद्यार्थ्यांना बोलू द्या. तुलना शिकवायला फळा लागत नाही, डोळे लागतात. समोर दिसेल त्याची तुलना करायला सांगा, आणि खरं तेच बोलायला सांगा." राम श्यामपेक्षा उंच आहे, हे वाक्य मी इतकी वर्षं शिकवत होतो, आणि तो राम कोण, श्याम कोण, हे मला किंवा पोरांना कधीही कळलेलं नव्हतं. मी पेटून घरी आलो. शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांना ही नवी पद्धत सांगितली. ते म्हणाले, "आधी पोर्शन संपवा." मी विझलो नाही. शाळेत नाही तर शाळेबाहेर, पण आपण तर-तम भाव, म्हणजे ही तुलना, बोलण्यातून शिकवणारच, असं मी आशाला निक्षून सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

त्याच आठवड्यात हिरामणराव आले. हे दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार. मुलांच्या शाळेसाठी त्यांनी नाशकात गंगापूर रोडला आमच्याच सोसायटीत, आमच्या डोक्यावरचा फ्लॅट घेतला होता. सकाळी जीप काढून बागेत जायचे, संध्याकाळी परत. जीप लावताना ती माझ्या लूनाला टेकायची आणि लूना आडवी व्हायची, एवढाच आमचा तोवरचा संबंध होता.

"सर, मला विंग्रजी शिकवा," ते खुर्चीवर बसता बसता म्हणाले. "सगळं नको. मला फकस्त माझी द्राक्षं कशी हायेत, येवढं बोलायचंय."

प्रकरण असं होतं. दर फेब्रुवारीत इंग्लंडहून एक साहेब द्राक्षं पसंत करायला येई. त्याला बागा दाखवायचं काम चंदर नावाच्या एजंटाकडे. "गेल्या साली मी साहेबाला मराठीत धा मिन्टं सांगितलं," हिरामणराव म्हणाले, "चंदऱ्यानं त्याचं विंग्रजीत एका शब्दात केलं. साहेब मान हलवून शेजारच्या बागेत गेला. शेजारची बाग चंदऱ्याच्या मेव्हण्याची. माझा माल सगळा गावातल्या बाजारात गेला. आवंदाबी तसंच झालं तं आई म्हणती, बाग तोडायची अन् टमाटे लावायचे. आईचा शब्द म्हणजे शब्द. ती बाग मी माझ्या हातानं लावलीये, सर."

एवढा जीपवाला माणूस, पण खिडकीबाहेर बघत बसला. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, त्याच वेळी आनंदही झाला. 'माझी द्राक्षं त्यांच्यापेक्षा गोड, माझी द्राक्षं सर्वांत चांगली.' म्हणजे निव्वळ तर आणि तम! देवानेच धाडला होता विद्यार्थी. मी हिरामणरावांना शब्द दिला की फेब्रुवारीत तुम्ही साहेबासमोर स्वतःच्या तोंडाने 'बेस्ट' म्हणाल आणि बाग वाचेल.

बोलायच्या सरावाला माणसं लागतात, आणि माणसं बसायला जागा. सोसायटीचा हॉल वर्षभर रिकामा असतो. मी सेक्रेटरी कोठावदेकाकांकडे गेलो. त्यांनी नियम काढून दाखवले. हॉल मंगलकार्य, मीटिंग, भजन आणि मयत या चार कारणांसाठीच मिळतो. पहिल्या तिन्हींना अर्ज लागतो. मयताला लागत नाही, कारण अर्जदार हजर राहू शकत नाही. "शिकवणी यात कुठे बसते, तुम्हीच सांगा," काका म्हणाले. मी म्हटलं, ही शिकवणी नाही, समाजसेवा आहे. ते म्हणाले, समाजसेवाही यात नाही.

मार्ग त्यांच्याच घरातून निघाला. वत्सलाबाई, म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, दारामागून ऐकत होत्या. त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "सर, मलाही यायचंय. माझी नातवंडं माझ्यासमोर माझ्याबद्दल इंग्रजीत बोलतात आणि हसतात. काय बोलतात ते मला एकदा कळू दे, मग बघते एकेकाला. तुम्ही भजनाचा अर्ज करा. भजनाला ते नाही म्हणू शकत नाहीत."

तर अशा रीतीने माझा इंग्रजी संभाषण वर्ग भजनी मंडळ या नावाने सुरू झाला. तिसरी आली तळमजल्यावरची तृप्ती. तिची वैष्णवी इंग्रजी शाळेत होती आणि शाळेच्या फाटकाशी बाकीच्या आया इंग्रजीत गप्पा मारत तेव्हा तृप्ती चप्पल नीट करत उभी राहायची. बाकी बिल्डिंगने फक्त सल्ला दिला. एक म्हणाला, आधी टेन्स घ्या. दुसरा म्हणाला, रोज इंग्रजी पेपर मोठ्यांदा वाचायला सांगा. तिसऱ्याचं म्हणणं, तोंडात सुपारी धरून बोललं की उच्चार साहेबासारखा येतो. त्याच्या तोंडात बोलताना सुपारीच होती आणि मला त्याचं मराठीही नीट कळलं नाही.

काका व्हरांड्यातून फेरी मारायचे, म्हणून वत्सलाबाईंनी टाळ आणले. पावलं वाजली की त्या टाळ धरत आणि आम्ही सगळे डोळे मिटून म्हणत असू, "गुड, बेटर, बेस्ट! गुड, बेटर, बेस्ट!" मग दुसरं कडवं, "बॅड, वर्स, वर्स्ट!" भैरवीत ते काय गोड लागतं म्हणून सांगू. काका दाराशी येऊन हात जोडत आणि पुढे जात. इंग्रजी व्याकरणाला इतका आदर मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

आता खरी शिकवणी. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "समोर दिसेल त्याबद्दल बोला. आपल्याच वस्तूंपासून सुरुवात करू. वत्सलाबाई, तुमची सोन्याची साखळी तृप्तीच्या साखळीपेक्षा मोठी आहे. म्हणा, माय चेन इज बिगर."

वत्सलाबाईंनी पदर ओढून साखळी झाकली. "नको सर. खोटी आहे," त्या म्हणाल्या. ती खरी आहे हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं.

मी तृप्तीकडे वळलो. "तुमची वैष्णवी वर्गात सर्वांत हुशार आहे ना? म्हणा, माय डॉटर इज द क्लेव्हरेस्ट."

तृप्ती दचकून उठली. "असं बोलू नका हो सर! दृष्ट लागते. आत्ताच सर्दीतून उठलीय." ती घरी गेली ती पोरीच्या गालावर काजळाचं बोट लावूनच परत आली. तोवर वर्ग थांबला.

उरले हिरामणराव. हा तर धंद्याचा माणूस. मी विचारलं, "हाऊ आर युवर ग्रेप्स?"

"बरी हायेत."

"इंग्रजीत. आणि बरी नाही. माय ग्रेप्स आर द बेस्ट."

हिरामणरावांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "सर, पीक अन् पोर, यांला आपल्या तोंडानं चांगलं म्हणायचं नसतं. आमच्या गावात सहादू होता. भर पंगतीत म्हणला, औंदा माझ्या बागेसारखी बाग नाय. दुसऱ्या दिशी गारा. त्याच्याच बागेवर, बरं का. बांधाच्या अल्याड मणी फुटले, पल्याड पान हाललं नाय. तवापून आमचा अख्खा गाव 'बरं हाय'च म्हणतो."

ही अडचण कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेली नव्हती. इंग्रज माणूस सुपरलेटिव्ह कसा बनवायचा ते शिकवून गेला, पण तो उच्चारल्यावर दृष्ट कशी काढायची ते त्याने कुठेच लिहून ठेवलेलं नाही. गंमत अशी की वाईट बोलायला कुणाचीच हरकत नव्हती. हिरामणराव स्वतःच्या बागेबद्दल तोंड भरून बोलायचे, "रेन इज बॅड. हेल इज वर्स. भुरी इज द वर्स्ट." भुरी हा वेलीवरचा रोग. त्याच्यावर ते न अडखळता बोलत. पण 'बेस्ट' आलं की त्यांचे हात पुन्हा कानांच्या पाळ्यांकडे जात.

मी हार मानली नाही. आपल्याबद्दल बोलता येत नसेल तर दुसऱ्याबद्दल बोला, असं मी जाहीर केलं. आणि जाहीर केल्या क्षणी, काय सांगू, वर्गाला वाचा फुटली. जी माणसं दोन आठवडे 'माय' या शब्दाशी अडून बसली होती ती 'हिज' आणि 'हर' म्हणताच धबाधबा बोलायला लागली. पलीकडच्या विंगचं पाणी आमच्यापेक्षा जास्त वेळ येतं. समोरच्यांचा कुत्रा वॉचमनपेक्षा हुशार आहे. वॉचमन जगातला सर्वांत झोपाळू माणूस आहे. मला भरून आलं. आणि त्या भरात तृप्तीने एक निर्दोष वाक्य म्हटलं, "आशावहिनीज चकली इज हार्डर दॅन वत्सलाकाकूज चकली."

"व्हेरी गुड!" मी ओरडलो. "वाक्य अगदी बरोबर आहे!"

हॉलची खिडकी आमच्या स्वयंपाकघराखाली उघडते, हे मी विसरलो होतो. मी दाद व्याकरणाला दिली होती, चकलीला नव्हे, हे मी आशाला पुढचा आठवडाभर समजावत होतो. तो आठवडा आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ खिचडी होती. "मऊ आहे ना?" ती वाढताना विचारायची. मी मान खाली घालून जेवायचो. चकलीचा डबा वर, माळ्यावर गेला.

पण खरा घात झाला तो वत्सलाबाईंच्या वाक्याने. त्यांनी मला चोरून एक शब्द विचारून घेतला होता, आणि एका संध्याकाळी उभ्या राहून ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "माय हजबंड इज द मोस्ट स्टिंजी मॅन इन द सोसायटी!" टाळ धरायला कुणाला वेळच मिळाला नाही. काका दारातच होते.

भजनात हजबंड कुठून आला, हे त्यांनी विचारलं नाही. मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "स्टिंजी म्हणजे काय हो?"

माणसाची परीक्षा अशाच क्षणी होते. खरं उत्तर 'कंजूष' होतं. मी नापास झालो. "काटकसरी," मी म्हटलं. "म्हणजे, चार पैशांची किंमत जाणणारा."

काकांचा चेहरा उजळला. बायकोने चारचौघांत केलेलं हे त्यांचं पहिलं कौतुक असावं. "आमच्या ह्या बोलत नाहीत, पण मनात असतं," ते हळवे होऊन म्हणाले. मला त्या रात्री खिचडीही गेली नाही.

पुढे जे झालं ते व्हायचंच होतं. प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनानंतर सोसायटीची सभा भरली. पाहुणे म्हणून बँकेतले एक बडे अधिकारी बोलावले होते. काकांनी शेरवानीसदृश कोट घातला होता. त्यांनी माइक हातात घेतला, छाती पुढे काढली आणि इंग्रजीतून स्वतःची ओळख करून दिली, "आय ॲम द मोस्ट स्टिंजी सेक्रेटरी ऑन गंगापूर रोड!"

आधी कॉलेजची पोरं हसली. मग पाहुणे रुमालात खोकले. मग कुणीतरी काकांच्या कानाला लागून अर्थ सांगितला. काकांनी सभेकडे बघितलं नाही, बायकोकडेही बघितलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

"यादव सर," ते म्हणाले, "शिकलेले आहात. माणसाला काही तारतम्य असावं!"

आता हे त्यांनी म्हणावं? तर आणि तम, यांपासूनच तारतम्य झालं आहे. गेले दोन महिने मी दुसरं काय शिकवत होतो? पण ही व्युत्पत्ती सांगण्याची ती वेळ नव्हती, एवढं तारतम्य मला होतं. हॉलला कुलूप लागलं. भजनी मंडळ बरखास्त झालं. घरी वत्सलाबाईंचं आणि काकांचं वाजलं ते वेगळंच. बाई मूळच्या सटाण्याच्या, एरवी शुद्ध बोलतात, पण भांडणात माहेरची अहिराणी बाहेर येते. "हाई काय शे?" हा त्यांचा 'हे काय आहे?'चा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. त्यापुढचं आम्हांला कळलं नाही, पण काका बराच वेळ गच्चीवर उभे होते.

साहेब यायला फार दिवस उरले नव्हते. सोसायटीत माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, घरी खिचडी चालूच होती, आणि ज्याला शब्द दिला होता तो विद्यार्थी अजून 'बेस्ट' म्हणत नव्हता. दुसरा कुणी असता तर त्याने आजारपणाची रजा काढली असती. मी हिरामणरावांना म्हटलं, "हॉल गेला तर गेला. आपण बागेत शिकू. समोर द्राक्षं असली की तोंडातून आपोआप निघेल."

रविवारी जीप निघाली. मी पुढे, मागे तृप्ती आणि वत्सलाबाई. बाईंनी घरी सांगितलं होतं की त्या पंचवटीत देवदर्शनाला चालल्यात. पंचवटी उजवीकडे ठेवून जीप दिंडोरीच्या रस्त्याला लागली तेव्हा त्यांनी जागच्या जागी हात जोडले. "दर्शन झालं," त्या म्हणाल्या.

आम्ही बागेत शिरलो. मांडवाखाली हिरव्या-पिवळ्या घडांच्या रांगाच रांगा लागल्या होत्या आणि पानांतून ऊन झिरपत होतं. एक मणी तोंडात टाकला. तो कसा होता, ते मी आत्ताही लिहीत नाही. हिरामणरावांनी सांगितलेली सहादूची गोष्ट मला आठवते.

हिरामणरावांच्या आई, भागुबाई, बांधावर बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, माझ्या पोराच्या तोंडून तुमी बागेला चांगलं म्हणवून घेनार. म्हणू द्या. पन त्यो बोलला की लगेच मी दिष्ट काढीन. मीठ-मोहरी घेऊन मी हितंच हुभी ऱ्हानार." हा तोडगा मला आवडला. मुलगा विशेषण लावेल, भागुबाई दृष्ट उतरवतील. तेवढ्यावर हिरामणराव तयार झाले. दिवसभर मी त्यांच्याकडून घोकून घेतलं, "माय ग्रेप्स आर द बेस्ट ग्रेप्स इन दिंडोरी." प्रत्येक वेळी ते 'बेस्ट' पुटपुटायचे, आणि प्रत्येक वेळी भागुबाई मुठी ओवाळायच्या. संध्याकाळपर्यंत घरातली मोहरी संपली.

निघताना हिरामणरावांनी विचारलं, "सर, 'वाईट नाय' याला विंग्रजीत काय म्हणत्यात?"

"नॉट बॅड," मी वैतागून म्हणालो. "पण ते अजिबात म्हणायचं नाही! ते म्हटलंत तर बाग गेलीच समजा."

साहेब आला. उंच, लाल, डोक्यावर गवती टोपी. बरोबर चंदर, पांढरे बूट घालून. मी बांधावर उभा होतो. तृप्ती आणि वत्सलाबाई माझ्या मागे. भागुबाई वाटीत मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन पोराच्या शेजारी. चंदर आम्हां सगळ्यांकडे बघून म्हणाला, "काय लगीन-बिगीन हाय का?" पण हिरामणरावांनी हाताने त्याला बाजूला केलं आणि स्वतः साहेबापुढे गेले. माझा ऊर भरून आला.

"गुड मॉर्निंग," साहेब म्हणाला. "वेल, हाऊ आर युवर ग्रेप्स?"

अगदी शिकवल्याप्रमाणे प्रश्न! हिरामणरावांनी श्वास घेतला. "माय ग्रेप्स," ते म्हणाले, "आर द..." आणि थांबले. त्यांनी आईकडे बघितलं. मांडवाकडे बघितलं. मग वर बघितलं. इतका वेळ निरभ्र असलेल्या आभाळात, सप्तशृंगीच्या डोंगराच्या अंगाला, एक ढग आला होता. एवढासाच होता. पण ढग होता.

"बेस्ट, बेस्ट!" मी ओठ हलवत होतो. तृप्ती हलवत होती. वत्सलाबाई तर बंद मुठीने टाळ वाजवत होत्या.

"नॉट बॅड," हिरामणराव म्हणाले.

मी मटकन बांधावर बसलो. दोन महिन्यांची मेहनत, हॉल, चकली, काकांची अब्रू, सगळं एका 'नॉट बॅड'मध्ये गेलं. माणूस शिकवलेलं साफ विसरला असता तरी चाललं असतं, पण शब्द नेमका मीच शिकवलेला होता. चंदरने तर संधीच साधली. तो पुढे होऊन साहेबाला सांगायला लागला की मालक स्वतःच 'नॉट बॅड' म्हणतोय, म्हणजे माल यथातथाच, शेजारची बाग बघा, बेस्ट, व्हेरी बेस्ट, बेस्ट ऑफ द बेस्ट.

साहेब हिरामणरावांकडे बघत होता. मग त्याने एक मणी तोडून खाल्ला. मग दुसरा. खिशातून गोडी मोजायची छोटी नळी काढली, तिच्यावर रस पिळला, डोळ्याला लावून उन्हाकडे धरली. मग टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "नॉट बॅड. नॉट बॅड ॲट ऑल."

"बघा," चंदर मराठीत म्हणाला, "साहेबाला बी आवडली नाय."

तेव्हा साहेब हसला आणि जे बोलला ते मी हिरामणरावांना मराठीत करून सांगितलं. तो म्हणाला, "मी या भागात आल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ जगातल्या सर्वोत्तम बागा बघतोय. प्रत्येक जण 'बेस्ट' म्हणतो. आता तो शब्द माझ्या कानात शिरतच नाही. माझे वडील सफरचंदं पिकवायचे. मरेपर्यंत त्यांनी आपल्या सफरचंदांना 'नॉट बॅड'च्या वर एक शब्द म्हटला नाही. ते तसं म्हणाले की आम्ही समजायचो, यंदा बहार आहे. या माणसाचा सगळा माल मी घेतो."

हिरामणरावांनी डोळे पुसले. "बाप शेतकरी व्हता तर त्याचा," ते एवढंच म्हणाले.

साहेब एका घडाला हात लावून म्हणाला, "ब्यूटिफुल!" वत्सलाबाई आनंदाने ओरडल्या, "अहो भागुबाई, सुंदर म्हणाला तो!" झालं. भागुबाई मूठ भरून धावल्या. घड आणि साहेब, दोघांवरून त्यांनी मीठ-मोहरी ओवाळली. साहेबाला वाटलं आरती आहे. त्याने डोळे मिटून हात जोडले आणि मग प्रसादासाठी ओंजळ पुढे केली. "आरं बाबा, ह्ये खायचं नसतं!" भागुबाई म्हणाल्या. साहेब इंग्रजीत 'थँक यू' म्हणाला. बाग राहिली. टमाट्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

माझं मन मात्र दोन भागांत होतं. बाग वाचली याचा आनंद होता, आणि वाचली ती मी शिकवलेलं न म्हटल्यामुळे, याचं दुःख होतं. असा विद्यार्थी कोणाच्या वाट्याला येऊ नये, किंवा सगळ्यांच्या वाट्याला यावा. परतताना जीपमध्ये मला काही ठरवता आलं नाही.

सोसायटीत बातमी आमच्याआधी पोचली. संध्याकाळी दारात ही गर्दी. हिरामणरावांनी साहेबाशी इंग्रजीत बोलून माल विकला, एवढंच लोकांना कळलं होतं. किती शब्द बोलले ते कुणी विचारलं नाही. ज्यांनी सुपारीचा सल्ला दिला होता तेही आले. कोठावदेकाका स्वतः हॉलची किल्ली घेऊन आले. "भजनाला नाही म्हणता येत नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि मग हळूच, "मलाही एक शब्द विचारायचाय. नवऱ्याला असं बोलणाऱ्या बाईला काय म्हणतात?" मी म्हटलं, वर्गात या, सांगतो.

सगळे एका सुरात म्हणत होते, सर म्हणजे काय, नाशकात असा शिक्षक नाही, सर सर्वांत भारी. मी आयुष्यभर ज्या पायरीची वाट बघितली ती हीच. मी कान देऊन ऐकत होतो. तेवढ्यात आशा आतून आली, पदराला हात पुसत.

"बरे शिकवतात," ती घाईघाईने म्हणाली. "बरे. तसं काही नाही. या हं सगळे." आणि तिने दार लावून घेतलं.

मला फार लागलं. इतकं करूनही बरे! मी खुर्चीत जाऊन बसलो. मागून स्वयंपाकघरात डबे वाजले. माळ्यावरून चकलीचा डबाही उतरलेला दिसला. मग आशा बाहेर आली. तिच्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या. तिने त्या माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून पायांपर्यंत ओवाळल्या, ओठांत काहीतरी पुटपुटली, आणि आत जाऊन मुठी गॅसवरच्या तव्यावर उघडल्या. मीठ-मोहरी तडतडली. लाल मिरच्या काळ्या पडायला लागल्या.

"बघा," ती आतून म्हणाली, "एवढ्या मिरच्या जळल्या, एकदा तरी ठसका लागला का? केवढी दृष्ट लागली होती तुम्हांला!"

खरंच ठसका लागला नव्हता. माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं. ते मिरचीमुळे आहे, असं मी तिला सांगितलं.

ती म्हणाली, "बरं."